एका पायावरचा भार
पाळीव पक्ष्यांचे आरोग्य : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्याची उत्तरे

या अंकासाठी निवडलेली सगळी पत्रे पक्ष्यांच्या पायांविषयीची आहेत. कुणाच्या पक्ष्याला एकच पाय उरला आहे, कुणाच्या पिलांचे पाय फाकलेले आहेत, तर कुणाचा पक्षी काही इजा न होता अचानक लंगडू लागला आहे. पत्रे वेगवेगळ्या गावांची असली, तरी जवळजवळ प्रत्येकाने अधू पायाविषयी सविस्तर लिहिले आहे आणि चांगल्या पायाविषयी एखादे वाक्य किंवा तेही नाही. अशा पक्ष्याच्या पुढच्या आयुष्याची मदार त्याच्या चांगल्या पायावर असते, म्हणून उत्तरांत भर त्या पायावर दिला आहे.

प्रश्न : आमच्या कॉकाटीलचा (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) उजवा पाय दोन वर्षांपूर्वी दारात चिरडला आणि डॉक्टरांना तो काढावा लागला. जखम छान भरली. पक्षी उडतो, शीळ घालतो, खातो-पितो. गेल्या महिन्यापासून मात्र डाव्या तळव्याच्या मध्यभागी लालसर, चकचकीत ठिपका दिसू लागला आहे. पिंजऱ्यात प्लॅस्टिकच्या दोन दांड्या आहेत आणि पाय घसरू नये म्हणून त्यांवर सँडपेपरचे वेष्टण चढवले आहे. सासूबाईंच्या सांगण्यावरून आम्ही तळव्याला खोबरेल तेल आणि हळद लावतो. हे घरच्या घरी बरे होईल का? आणि तो पडू नये म्हणून त्याचे पंख कातरावेत का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही ठिपका वेळेत पाहिलात, हे फार चांगले झाले. तुम्ही वर्णन केलेली अवस्था म्हणजे ज्याला बंबलफूट म्हणतात त्या तळव्याच्या आजाराची पहिली पायरी असण्याची दाट शक्यता आहे. या पायरीवर औषधापेक्षा बसण्याची जागा बदलल्याने जास्त गुण येतो.

हे का होते ते समजून घेतले की उपाय आपोआप सुचतात. दोन्ही पाय धड असलेला पक्षी विसावताना एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतो आणि थोड्या वेळाने पाय बदलतो. त्यामुळे दोन्ही तळव्यांना आळीपाळीने विश्रांती मिळते. तुमच्या कॉकाटीलला ही सोय उरलेली नाही. त्याचे नव्वद-शंभर ग्रॅमचे वजन दिवसरात्र एकाच तळव्यावर येते. शिवाय पक्षी दांडीवर बसून पाय दुमडतो तेव्हा पायातून बोटांकडे जाणाऱ्या कंडरा (स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्या) ताणल्या जातात आणि बोटे दांडीभोवती आवळली जातात. म्हणून तो झोपेतही पडत नाही, परंतु दांडी एकाच जाडीची आणि गुळगुळीत असली की तळव्याचा तोच तो भाग तासन्‌तास दाबला जातो. तिथला रक्तपुरवठा कमी होतो, त्वचा पातळ होते, मग एखादी बारीक भेग पडते आणि स्टॅफिलोकॉकससारखे जिवाणू आत शिरतात. तिथून गळू, आणि दुर्लक्ष झाले तर कंडरा व हाडापर्यंत पोहोचलेला संसर्ग, असा हा प्रवास आहे. दोन पायांच्या पक्ष्याचा एक पाय असा गेला तर दुसरा उरतो. तुमच्या पक्ष्याचा हा शेवटचाच पाय आहे.

म्हणून पहिले काम आजच करा : सँडपेपरचे वेष्टण काढून टाका. नखे आपोआप झिजावीत म्हणून ते विकले जाते, पण नखांची टोके त्याला फारशी टेकतच नाहीत, तळवा मात्र दिवसभर घासला जातो. प्लॅस्टिकच्या दांड्याही काढा. त्यांच्या जागी पेरूच्या, तुतीच्या किंवा कडुनिंबाच्या फांद्या लावा. फांदी कीटकनाशक न फवारलेल्या झाडाची असावी, साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावी आणि सालीसकट वापरावी. तिचा वाकडेपणा, गाठी, कमीजास्त जाडी हेच तिचे गुण आहेत, कारण प्रत्येक ठिकाणी पाऊल थोडे वेगळे टेकते आणि दाब जागा बदलतो. जाडी अशी असावी की बोटे दांडीभोवती साधारण दोनतृतीयांश फिरतील. पुढची आणि मागची नखे एकमेकांना भिडत असतील तर दांडी बारीक आहे, असे समजा. कण्हेर आणि रुई यांच्या फांद्या विषारी असल्याने त्या मुळीच नकोत.

परंतु एका पायाच्या पक्ष्याला केवळ चांगल्या दांड्या पुरत नाहीत. त्याला दांडीवरून पूर्ण उतरून बसता येईल अशी सपाट जागा हवी, आणि माझ्या मते हीच त्याच्या पिंजऱ्यातली सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, तो एरवी झोपतो त्याच उंचीवर किंवा थोडी खाली, तळहाताएवढी लाकडी फळी पक्की बसवा. तिच्यावर फ्लीसच्या (मऊ, फासे नसलेल्या लोकरीसारख्या) कापडाचे दोन थर ताणून बांधा. टर्किश टॉवेल वापरू नका, त्याच्या फासांत नखे अडकतात, आणि पक्ष्याला दुसरा पायच नसेल तर अडकलेले नख सोडवताना बोट पिरगळते. या फळीवर पक्षी छाती आणि पोट टेकवून बसू शकतो, म्हणजे तळव्यावरचा भार तेवढा वेळ शरीरावर वाटला जातो. सुरुवातीला तो फळीला बिचकेल. तिथे आवडीचा दाणा ठेवा आणि पाण्याची वाटीही शेजारीच लावा. उरलेल्या एक-दोन दांड्यांना औषधाच्या दुकानात मिळणारी, स्वतःलाच चिकटणारी बँडेजपट्टी सैलसर गुंडाळली तर मऊ गादी होते. ती घाण झाली की बदला आणि पक्षी तिचे तुकडे तोडून गिळतो असे दिसले तर लगेच काढा. सुती दोरीच्या दांड्यांबाबतही हीच भीती असते, दोरे पोटात गेले की अन्नपिशवीत अडकतात.

आता तेल आणि हळदीविषयी. सासूबाईंची माया मी समजू शकतो, आणि आपल्या घरांत जखमेवर हळद लावण्याची रीत जुनी आहे. पक्ष्याच्या बाबतीत मात्र अडचण अशी की पायाला लावलेले तेल तो चोचीने पिसांवर पसरवतो. तेलकट झालेली पिसे एकमेकांना चिकटतात, त्यांत हवा कोंडून राहत नाही आणि पक्ष्याला आपल्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. हळदीची पूड तेलात बसून कवच धरते आणि त्याखाली त्वचेत काय चालले आहे ते दिसेनासे होते. दोन्ही थांबवा. दिवसातून एकदा पाऊल कोमट, साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपून कोरडे करा, याहून अधिक या पायरीवर काही लागत नाही.

याच संदर्भात एक गोष्ट कळकळीने सांगतो. माणसांच्या सांधेदुखीचे मलम किंवा जेल पक्ष्याच्या पायाला कधीही लावू नका. त्यांपैकी अनेकांत डायक्लोफेनॅक असते. हे औषध दिलेल्या गुरांचे मांस खाल्ल्याने भारतातली गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मोठ्या प्रमाणावर मेली, आणि त्यामुळेच २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर सरकारने बंदी आणली. पक्षी पाय चोचीत धरतो, म्हणजे पायाला लावलेले औषध त्याच्या पोटातच जाते. वेदना कमी करणारी आणि पक्ष्यांना चालणारी औषधे आहेत, पण त्यांची मात्रा पक्ष्याच्या वजनावर ठरते आणि ती पशुवैद्यानेच ठरवली पाहिजे.

आहाराविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, म्हणून विचारतो : तो केवळ बाजरी, राळा आणि सूर्यफुलाचे बी खातो का? निव्वळ दाण्यांवर वाढलेल्या पक्ष्यांत अ जीवनसत्त्वाची कमतरता नेहमी आढळते, आणि या कमतरतेत त्वचेचा थर कोरडा, जाड आणि भेगाळ होतो. म्हणजे तळव्याचे संरक्षणच कमी होते. लाल भोपळा, गाजर, पिकलेली पपई, शेवग्याचा कोवळा पाला, कोथिंबीर यांपैकी काही ना काही रोज समोर ठेवा. किसून, वाफवून, फांदीला टांगून, जे रूप त्याला रुचेल त्या रूपात द्या. जीवनसत्त्वाचे थेंब मात्र मनाने देऊ नका, कारण अ जीवनसत्त्व यकृतात साठते आणि जास्त झाले तर अपाय करते. सूर्यफुलाचे बी केवळ बक्षीस म्हणून एखाददुसरे असावे. एका पायाच्या पक्ष्याच्या अंगावर दहा ग्रॅम चरबी चढली तरी ती सगळी त्याच तळव्यावर येते. स्वयंपाकघरात मिळणाऱ्या डिजिटल वजनकाट्यावर दर आठवड्याला, सकाळी खाण्याआधी, त्याचे वजन घेऊन वहीत लिहा.

तळवा पाहण्यासाठी पक्ष्याला दर वेळी मुठीत धरण्याची गरज नाही. प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्याचे झाकण घ्या, त्यावर पक्ष्याला चढवा आणि खालून मोबाइलने फोटो काढा. निरोगी तळव्यावर बारीक बारीक उंचवट्यांची दाट नक्षी स्पष्ट दिसते. आजाराची पहिली खूण लाली नसते. ही नक्षी एखाद्या ठिकाणी सपाट होत जाते आणि तिथली त्वचा उजेडात चमकू लागते, ती पहिली खूण. लाली नंतर येते. दर रविवारी त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात फोटो काढले की दोन-तीन आठवड्यांत नक्षी परत येते आहे की चकाकी पसरते आहे, हे तुम्हाला स्वतःला कळेल.

चकाकी पसरली, ठिपक्यावर काळपट खपली धरली, तळवा सुजला, हाताला गरम लागला किंवा पक्षी पिसे फुगवून दिवसभर फळीवरच बसू लागला, तर घरच्या उपायांवर एकही दिवस घालवू नका. खपली ओढू नका आणि गळू दाबू तर अजिबात नका. आपला पू पातळ असतो, तो दाबला की वाहून जातो. पक्ष्यांचा पू खव्यासारखा घट्ट आणि कोरडा असतो, तो दाबून बाहेर येत नाही, उलट आतल्या आत कंडरांकडे ढकलला जातो. तो शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. त्यानंतर डॉक्टर पायाखाली मध्ये भोक असलेली मऊ गादी बांधतात, म्हणजे जखम भोकावर अधांतरी राहते आणि भार कडेच्या त्वचेवर येतो. हे उपचार कित्येक आठवडे चालतात आणि बँडेज पुन्हा पुन्हा बदलावे लागते. एका पायाच्या पक्ष्याला त्या काळात उभे राहणेच अवघड होते. हे सगळे टाळणे आज तुमच्या हातात आहे, म्हणून इतके लांबण लावले.

पंख कातरू नका. पाय नसलेला पक्षी तोल सावरतो तो पंखांनीच. पंख कातरलेला कॉकाटील दांडीवरून घसरला तर सरळ छातीच्या हाडावर आपटतो आणि ते हाड फुटल्याची किंवा त्यावरची त्वचा फाटल्याची उदाहरणे दवाखान्यात नेहमी दिसतात. पडण्याची भीती असेल तर दांड्या खाली आणा, पिंजऱ्याच्या तळाशी कापडाची जाड घडी अंथरा आणि चढ-उतारासाठी उतरती फळी लावा. आडव्या गजांचा पिंजरा असेल तर तो चोचीचा आधार घेऊन चांगला चढतो. कॉकाटील रात्री दचकून पिंजऱ्यात फडफडण्यासाठी प्रसिद्ध आहेत, तेव्हा खोलीत मंद दिवा राहू द्या. झोपताना तो चोचीने गज धरून राहतो असे दिसले तर घाबरू नका, एका पायाचे अनेक पक्षी असा आधार घेतात. मात्र त्याला फळीवर झोपण्याची सवय लागेल तितके बरे.

प्रश्न : माझी बजी (छोटा रंगीत पोपट, आमच्याकडे सगळे लव्हबर्डच म्हणतात) सहा वर्षांची आहे. पंधरा दिवसांपासून तिचा डावा पाय दांडी धरत नाही, बोटे सैल लोंबतात. पडझड झालेली नाही. पक्षी विकणाऱ्या दुकानदाराने कॅल्शियमचे थेंब दिले आहेत. किती दिवस द्यावेत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : थेंब थांबवा आणि प्रथम निदान करून घ्या. मध्यम आणि त्यापुढच्या वयाच्या बजीमध्ये इजा न होता एकच पाय निकामी होऊ लागला, तर कारण बहुतेकदा पायात नसते, पोटात असते. पायाकडे जाणारा मुख्य मज्जातंतू पक्ष्यांमध्ये मूत्रपिंडाच्या आतून जातो. मूत्रपिंडाला सूज आली किंवा तिथे, अंडाशयात अथवा वृषणात गाठ वाढू लागली की मज्जातंतू दाबला जातो आणि पाय लुळा पडतो. बजीमध्ये अशा गाठी दुर्दैवाने वारंवार आढळतात. मूत्रपिंड आधीच दुबळे असेल तर वरून दिलेले जास्तीचे कॅल्शियम त्याच्यावर आणखी भार टाकते.

डॉक्टरांकडे जाताना वजनाची नोंद, विष्ठेचा फोटो आणि चोचीच्या मुळाशी नाकपुड्यांभोवती असलेल्या मऊ भागाचा जुना-नवा फोटो न्या. नरामध्ये हा भाग बहुधा निळा असतो आणि तो तपकिरी होऊ लागला तर वृषणाच्या गाठीचा संशय घेतात. (तुमची ‘मादी’ खरोखर मादीच आहे ना, हेही या निमित्ताने पाहून घ्यावे.) पायांच्या सांध्यांवर त्वचेखाली पांढरे-पिवळसर दाणे दिसत असतील तर तो संधिवाताचा एक प्रकार असतो : मूत्रपिंडांनी बाहेर न टाकलेले युरिक आम्ल सांध्यांत साठते. हे दाणे फार दुखतात. ते पू समजून सुईने टोचले तर रक्तस्राव होतो आणि पक्ष्याला काहीही आराम पडत नाही.

गाठ निघाली तर ती बरी करण्याचा मार्ग बहुधा नसतो, आणि हे मी आधीच स्पष्ट सांगणे योग्य समजतो. तरीही वेदना कमी ठेवून पुष्कळ करता येते. पुण्याच्या वाचकांना सांगितलेली सपाट फळी, खाली आणलेल्या वाट्या, मऊ तळ, हे सगळे तुमच्या बजीलाही लागू आहे, आणि उजव्या तळव्यावर आजपासून लक्ष ठेवा, कारण सगळा भार आता तिथे आला आहे. लुळ्या पायाचे पाऊल वरच्या बाजूने जमिनीवर घासत असेल तर तिथेही घट्टा पडून जखम होते. अशा वेळी डॉक्टर पावलाला आधारासाठी हलकी पट्टी बांधून देतात.

प्रश्न : आमच्या बजीचे दोन्ही पाय लहानपणापासून बाजूला फाकलेले आहेत. तो पोटावर सरपटतो, चोचीने चढतो आणि अत्यंत माणसाळलेला आहे. पावसाळ्यात मात्र त्याचे पोट आणि पायांचे मागचे सांधे लाल होतात, खालची पिसे घाण राहतात. कापड कितीही बदलले तरी दमटच असते.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कोकणातल्या पावसात कापड वाळत नाही, ही अडचण खरी आहे आणि तुमच्या पक्ष्याच्या बाबतीत तीच आजाराचे मूळ आहे. ज्या सांध्याला आपण मागे वाकलेला गुडघा समजतो तो पक्ष्याचा टाचेचा सांधा आहे. फाकलेल्या पायांचा पक्षी तळव्याऐवजी या सांध्यांवर आणि छातीच्या हाडाच्या कडेवर बसतो. तिथली त्वचा भार घेण्यासाठी बनलेली नसते, तिच्यावर तळव्यासारखी जाडीही नसते आणि उंचवट्यांची नक्षीही नसते. ती ओली राहिली की मऊ पडते आणि एका रात्रीत सोलवटू शकते.

फ्लीसचे लहान लहान सात-आठ तुकडे कापून ठेवा. धुऊन झाल्यावर इस्त्रीने पूर्ण कोरडे करा (इस्त्री पक्ष्याच्या खोलीपासून दूर ठेवा, कारण न चिकटणारे लेपन असलेल्या इस्त्रीचा किंवा तव्याचा जास्त तापल्यावर निघणारा धूर पक्ष्यांचा मिनिटांत जीव घेतो) आणि हवाबंद डब्यात ठेवा. पिंजऱ्यात खाली वर्तमानपत्राचे चार थर, त्यावर पातळ फोमचा तुकडा, त्यावर फ्लीस पूर्ण गुंडाळून घातलेले, म्हणजे फोम कुरतडता येणार नाही. सकाळ-संध्याकाळ वरचे कापड बदला. लाकडाचा भुसा या पक्ष्याला नको, तो ओल धरतो, बुरशी येते आणि पोटावर सरपटणाऱ्या पक्ष्याच्या नाकातोंडात जातो.

पोटाखालची पिसे रोज कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने भिजवून विष्ठा मऊ करा आणि मग पुसून घ्या. वाळलेली विष्ठा ओढून काढली तर पिसे आणि त्वचा दोन्ही निघतात. पुसल्यावर त्याला साठ वॉटच्या साध्या बल्बपासून हातभर अंतरावर, हवे तेव्हा दूर सरकता येईल अशा जागी ठेवून वाळू द्या. विष्ठाद्वाराभोवतीची पिसे आखूड करणे फायद्याचे असते, परंतु पहिल्यांदा ते डॉक्टरांकडून करून शिकून घ्या, तिथली त्वचा कागदापेक्षा पातळ असते. सांधे लाल होण्यापलीकडे जाऊन सोलवटले असतील तर सांध्याभोवती मऊ गादीचे बँडेज लागते. ते आठवड्याहून अधिक तसेच ठेवू नये.

मोठेपणी हे पाय सरळ होत नाहीत. हाडे त्याच वळणाने घट्ट झालेली असतात, आणि ‘हाड मोडून सरळ बसवू’ असा सल्ला कुणी दिला तर पक्षी इतका आनंदी असताना मी तरी तो मानणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे बजीच्या चार जोड्या आहेत. गेल्या दोन विणींत तीन पिलांचे पाय फाकले. हे आनुवंशिक आहे का? वाचवता येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आनुवंशिकता असू शकते, पण आधी घरटे पाहा. मडक्याचा किंवा पेटीचा तळ गुळगुळीत आणि उघडा असेल तर पिलांना पाय रोवता येत नाहीत आणि वर बसलेल्या मादीच्या वजनाने ते बाजूला सरकतात. तळाला वाटीसारखा खळगा असावा आणि त्यात रंधा मारलेल्या लाकडाच्या जाडसर ढलप्यांचा थर असावा. दुसरे कारण आईच्या आहारात आहे. अंडी घालण्याआधीपासून तिला समुद्रफेस आणि प्रत्यक्ष ऊन मिळाले पाहिजे. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन चालत नाही, कारण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते.

पाय फाकू लागले आहेत हे पहिल्या आठवड्यात लक्षात आले तर ते पुष्कळदा सरळ होतात. दोन्ही पायांना मऊ चिकटपट्टीच्या बेडीने नैसर्गिक अंतरावर जोडतात आणि पिलाची वाढ इतकी झपाट्याने होते की बेडी एक-दोन दिवसांनी बदलावीच लागते. हे एकदा डॉक्टरांकडे जाऊन प्रत्यक्ष शिकून या. बजीचे पिलू महिन्याभरात घरटे सोडते, त्यामुळे ‘पाहू पुढच्या आठवड्यात’ असे म्हणायला इथे वेळ नसतो. ज्या जोडीची पिले घरटे सुधारल्यावरही फाकतात, ती जोडी पुन्हा विणीला लावू नका, ही माझी विनंती आहे. आणि जी तीन पिले आता मोठी झाली आहेत, ती ‘अधू’ म्हणून कुणाला फुकट देऊन टाकण्याआधी, घेणाऱ्याला रत्नागिरीच्या पत्राचे उत्तर वाचायला द्या.

प्रश्न : संक्रांतीच्या दिवशी मांजात अडकलेला हिरवा पोपट गच्चीत सापडला. बोटाभोवतीचा मांजा आम्ही काढला, पण बोट काळे पडले आहे. आम्ही त्याला सांभाळू इच्छितो. पायाला काय लावावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : काळे पडलेले बोट म्हणजे रक्तपुरवठा तुटलेले बोट. त्याला लावण्याजोगे काही नसते आणि ते कापून काढायचे की आपोआप गळू द्यायचे, हा निर्णय डॉक्टरांचा आहे. पोपटाला दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात, त्यांपैकी एक गेले तरी त्याची पकड राहते आणि तो रानात नीट जगू शकतो. म्हणूनच तो तुमच्याकडे राहता कामा नये. आपले देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत आणि ते घरात पाळणे गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. राज्याच्या वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयातही पक्ष्यांवर उपचार होतात. नेताना पुठ्ठ्याच्या, भोके पाडलेल्या खोक्यात कापडावर ठेवा, आत अंधार राहू द्या आणि चोचीत बळेबळे पाणी घालू नका.

पुढच्या वेळी कुणाला असा पक्षी सापडला तर एवढे ध्यानात ठेवावे की मांजा ओढून सोडवायचा नसतो. दोन्ही बाजूंचा मांजा आधी कात्रीने तोडायचा आणि मांसात रुतलेला भाग तसाच ठेवून पक्षी डॉक्टरांकडे न्यायचा. रुतलेला दोरा ओढला की तो करवतीसारखा आतली कंडरा कापतो.

प्रश्न : आमच्या बजीचा एक पाय जुन्या इजेमुळे आखडलेला आहे. त्याची नखे वाटोळी वाढून तळव्यात रुतू लागली आहेत. घरी कापता येतील का? नखे काळी आहेत, आतली शीर दिसत नाही.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : वापरात नसलेल्या पायाची नखे झिजत नाहीत, म्हणून ती इतर नखांच्या दुपटीने वाढल्यासारखी वाटतात. जे नख तळव्यात शिरले आहे ते मात्र घरी कापू नका. तिथे आत जखम असू शकते, ती स्वच्छ करावी लागेल. ते काम डॉक्टरांकडून झाले की पुढची देखभाल तुम्हाला शिकता येईल.

पक्ष्याला धरण्यासाठी दोन माणसे हवीत. धरणाऱ्याने पातळ रुमालातून पक्षी पाठीवरून घ्यावा, तर्जनी आणि मधल्या बोटामध्ये मान सैल अडकवावी, आणि छातीवर मुळीच दाब येऊ देऊ नये. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते, छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच त्यांचा श्वास चालतो. छाती घट्ट आवळली तर पक्षी गुदमरून जातो, नाकतोंड उघडे असले तरीही. चोच उघडी टाकून धापा टाकू लागला की सोडून द्यावा, उरलेली नखे उद्या.

काळ्या नखांत शीर दिसत नाही म्हणून कात्रीऐवजी नखे घासण्याची बारीक कानस वापरा आणि दर आठवड्याला केवळ टोक घासा. नियमित टोक घासत राहिले की आतली शीरही हळूहळू मागे सरकते. सुरुवात करण्याआधी शेजारी बशीत कोरडे कॉर्नफ्लोअर काढून ठेवा. रक्त आलेच तर नखाचे टोक त्यात दाबून मिनिटभर धरा. नख सोडून इतर जखमेवर ही पूड लावायची नाही. पस्तीस ग्रॅमच्या बजीच्या अंगात सगळे मिळून चहाचा चमचाभरही रक्त नसते, त्यामुळे चार-पाच थेंबांपुढे रक्त थांबत नसेल तर नख दाबून धरूनच दवाखाना गाठावा. आणि नखे झाल्यावर, पक्षी हातात आहे तोवर, दुसरा पायही उलटा करून तळवा पाहून घ्या.